कापलेली ओळ: ‘सांगत्ये ऐका’च्या एका पोस्टरच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

आज भोगी. घरी बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळ्या भाजीचा बेत होता, म्हणून ‘नऊच्या आत परत या’ असा हुकूम घेऊन जुन्या बाजारात गेलो. परतायला साडेदहा झाले आणि हातात भेंडोळं होतं. हिने भेंडोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तीळ लावलेल्या भाकऱ्यांचा डबा गपकन बंद केला.

पथारीवर जुन्या कॅलेंडरांच्या गुंडाळीत हे मिळालं. ‘सांगत्ये ऐका’चं पोस्टर. आठ घड्या, कडा तांबूस, मधल्या घडीवर बोटभर फाट. तमाशातली नर्तकी, वर उचललेला हात, मागे ढोलकीवाला, आणि डोक्यावर आडवं पसरलेलं लाल नाव. विक्रेत्याने सहा हजार सांगितले, साडेतीनला दिलं. सोबत तीन गोष्टी फुकट दिल्या: थेटराच्या माळ्यावरून आलंय, पहिल्या रिलीजचं आहे, आणि चित्र जी. कांबळे यांचं आहे. तिन्ही वहीत उतरवल्या. माझा नियम असा की विक्रेत्याची गोष्ट लिहून ठेवायची, पण तिला गुण द्यायचे नाहीत.

कांबळ्यांची गोष्ट तर आजच खोडतो. कोल्हापूरचे जी. कांबळे म्हणजे ज्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र शासनमान्य झालं ते. सिनेमाचं पोस्टर जुनं असलं, रंग जाड असले आणि चेहरा बरा जमलेला असला की बाजारात ते कांबळ्यांचंच होतं. या कागदावर कुठेही सही नाही. चित्रकार: अज्ञात. पुढे.

सिनेमा १९५९ चा. दिग्दर्शन अनंत माने, संगीत वसंत पवार, पडद्यावर जयश्री गडकर आणि हंसा वाडकर, आणि ‘बुगडी माझी सांडली गं’. पुण्यात विजयानंद थेटरात १३१ आठवडे चालला, हे तर सिनेमाच्या गप्पांत मीठ-मसाल्यासारखं येतंच. प्रश्न एवढाच की हा कागद कधीचा. शक्यता तीन. पहिल्या प्रदर्शनाचा, नंतरच्या एखाद्या फेरीचा, किंवा कालपरवा छापलेली नक्कल.

१६ जानेवारी

मोजमाप. रुंदी २९ इंच आणि थोडी वर, उंची पावणेअडतीस. आपल्याकडचं नेहमीचं सिंगल शीट ३० बाय ४० इंची. रुंदीतली पाऊण इंचाची घट समजू शकतो, कडा झिजतात. उंचीतले सव्वादोन इंच मात्र झिजून जात नाहीत. खालची पट्टी कापलेली आहे. आणि प्रेसचं नाव-पत्ता असतो तो नेमका खालच्या कडेला, बारीक अक्षरांत. म्हणजे ज्या ओळीने अर्धं काम झालं असतं तीच गेली.

कापली कुणी? थेटरवाले स्वतःची पट्टी चिकटवायला खालची जागा वापरत, तेव्हा एखाद्याने कात्री चालवली असेल. किंवा कुणाला ती ओळ नको होती. आज ठरवत नाही.

रात्री दहापट भिंग. आधी भीतीचं काम उरकलं, नक्कल आहे का ते पाहिलं. नक्कल ओळखणं त्यामानाने सोपं. आजची नक्कल संगणकाच्या प्रिंटरवर काढलेली असेल तर भिंगाखाली रंगाचे फवारल्यासारखे बारीक कण दिसतात. ऑफसेटवर छापलेली असेल तर निळा, किरमिजी, पिवळा, काळा या चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसतात, रांगेत, एकसारखी. जुन्या छापील पोस्टरचा फोटो काढून पुन्हा छापलं असेल तर ठिपक्यांवर ठिपके बसून लाटा उठतात, रेशमी साडीवर उठतात तशा.

इथे यातलं काही नाही. पिवळ्यात आणि लालमध्ये खडूचा खरखरीत कण आहे. कुणीतरी तेलकट खडू कणीदार पत्र्यावर घासून गालाची सावली हाताने काढली आहे. चोळी हिरवी दिसते, पण हिरवी शाईच नाही, निळ्यावर पिवळा चढवला आहे. लाल रंग ओठांच्या बाहेर मिलिमीटरभर सरकलाय. मी पाच रंग मोजले, पाचवा फिका गुलाबी, फक्त अंगकांतीसाठी. म्हणजे लिथो (दगडावर किंवा पत्र्यावर चित्र काढून त्यावरून छापायची जुनी पद्धत), आणि रंगांची विभागणी माणसाच्या हातची. अशी नक्कल आज करायची तर साडेतीन हजारांत कुणी करणार नाही.

बोटाने घड्या तपासल्या. घडीवर शाई तुटलीय, आतला तंतू वर आलाय, नखाला लागतो. हे लिहितोय कारण २०११ साली मी याच ठिकाणी फसलो होतो. एका गाजलेल्या हिंदी सिनेमाचं पोस्टर, चार हजार रुपये, घड्यांवर सुंदर पांढऱ्या चिरा. घरी आणून भिंतीवर लावलं, तीन महिने पाहुण्यांना दाखवलं. एका दुपारी धूळ पुसताना बोट फिरलं आणि घडी लागलीच नाही. कागद गुळगुळीत. चिरा छापलेल्या होत्या! मूळ पोस्टरचा घड्यांसकट फोटो काढून छापला होता. ते पोस्टर अजून हॉलमध्ये आहे. काढू देत नाही मी. दंड म्हणून राहू दे.

नक्कल बाद. उरल्या दोन शक्यता.

२० जानेवारी

न्हाणीघराच्या खिडकीला चादर लावून अतिनील टॉर्च फिरवला, ३६५ नॅनोमीटरचा. कागद पांढरा दिसावा म्हणून गिरण्या त्यात जी चमकद्रव्यं घालतात ती या उजेडात निळीजांभळी पेटतात, धुतलेला शर्ट डिस्कोत पेटतो तसा. कागदाच्या धंद्यात ही द्रव्यं दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली.

आपला कागद पेटला नाही. मळकट, पिवळसर, निवांत. चहात बुडवून म्हातारा केलेला कागदही या उजेडात वेगळा कळतो, कारण चहाचे डाग एकसारखे पसरतात आणि डागांच्या आतून मूळ कागदाची चमक डोकावते. वयाने पिकलेला कागद कडांकडून आत पिकत जातो. हा तसाच पिकलाय.

पण याने फार हुरळायचं कारण नाही. पोस्टरला वापरायचे तो स्वस्तातला, लाकडाच्या लगद्याचा कागद. त्यात चमकद्रव्य घालायची उधळपट्टी सत्तरच्या दशकातही कोण करणार? या टॉर्चने आरोपी दोषी ठरवता येतो, निर्दोष सोडता येत नाही.

२७ जानेवारी

पाठ तपासली. मधल्या फाटीवर मागून वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवलेत, खळीने. घरी कणकेची शिजवलेली खळ, कसरीचं आवडतं खाद्य. कसर खळ खात खात पोस्टरपर्यंत पोचलीय, ढोलकीवाल्याच्या कोपराला जाळी झालीय.

तुकड्यांवर तारीख कुठेच नाही. जाहिराती आहेत. एका छोट्या जाहिरातीच्या पत्त्यात ‘पुणे ४११’ आणि पुढे फाटलेलं. म्हणजे पिनकोड! पिनकोड देशात सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. तेव्हा हे ठिगळ त्यानंतरचं.

माझ्या वहीत शेवटच्या पानावर अशा तारखांची यादी आहे, ‘याच्या आधीचं असूच शकत नाही’ या मथळ्याखाली. १ एप्रिल १९५७, दशमान नाणी: गाण्यांच्या पुस्तिकेवर किंमत ‘न. पै.’ मध्ये असेल तर ती त्यानंतरची, आणि १ जून १९६४ ला ‘नवे’ गळून नुसते पैसे उरले. १ मे १९६०: कुठे ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर. १९८३: सेन्सॉरच्या खुणेत ‘यूए’ असेल तर, कारण तोवर ‘यू’ आणि ‘ए’ एवढंच होतं. १९९५: इंग्रजी पत्त्यात ‘बॉम्बे’च्या जागी ‘मुंबई’. अशा खुणा रंगरेषांपेक्षा जास्त भरवशाच्या. चित्रकार जुन्या शैलीची नक्कल करू शकतो, पण टपालखात्याचा पुढचा निर्णय आधी कुणाला कळत नाही.

पण ठिगळाची तारीख म्हणजे पोस्टरची तारीख नव्हे. ठिगळ एवढंच सांगतं की १९७२ नंतर कुणालातरी हा कागद पुन्हा वापरायचा होता, म्हणून त्याने बसून खळ शिजवली. जत्रेतला तंबू असेल, तालुक्याचं थेटर असेल. तमाशापट असे वर्षानुवर्षं गावोगाव फिरत राहिले. रद्दी म्हणाल तर ती आजचीही असू शकते आणि दहा वर्षांपूर्वीचीही. माझ्या कपाटात खाली १९९८ चा पेपर अंथरलेला आहे.

४ फेब्रुवारी

आज शुद्धलेखन.

आपल्या मराठी पोस्टरवाल्यांकडे एक हत्यार आहे जे हिंदी पोस्टर गोळा करणाऱ्यांकडे नाही. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी ‘घरांत’, ‘तेथें’, ‘गाणें’ असं लिहीत, नंतर ‘घरात’, ‘तेथे’, ‘गाणे’. (आपण बोलीत ‘केलं’, ‘गेलं’ लिहितो तो टिंब वेगळा, तो उच्चाराचा.) श्रेयनामावलीत माझ्या पोस्टरवर स्पष्ट ‘गीतें’ आहे. माडगूळकरांच्या नावाआधी, टिंबासकट. भिंगाखाली टिंब त्याच काळ्या शाईत, मागाहून दिलेला नाही.

उडी मारावीशी वाटली. मारली नाही, कारण आमचे आजोबा. ते १९८६ मध्ये गेले, आणि शेवटच्या पत्रातही ‘तुम्ही सर्वांनीं येथें यावें’ असंच लिहून गेले. शासनाने टिंब काढला म्हणून हातातून जात नाही. पोस्टरची अक्षरं काढणारा माणूस १९६२ मध्ये पंचेचाळिशीचा असेल तर पुढची पंधरा वर्षं तो ‘गीतें’च लिहिणार.

तेव्हा एवढंच: ‘गीते’ असतं तर १९५९ वर मोठं प्रश्नचिन्ह लागलं असतं. ‘गीतें’ आहे, तर दार उघडं राहिलं.

अक्षरांचं आणखी एक. ‘सांगत्ये’ मधला ‘त्ये’. नावातच बोलीचा ठसका आहे आणि छापखान्यातल्या कंपोझिटरच्या शिशाच्या खिळ्यांना तो जमलाही असता, पण इथे नाव हाताने काढलंय. श्रेयनामावलीतले सात ‘र’ मी शोधले, सातही वेगळे. संगणकाचा फॉन्ट असता तर एकावर एक ठेवल्यावर केसाचाही फरक पडला नसता.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, लॉ कॉलेज रस्त्यावर. आधी अर्ज करून ठेवला होता. पन्नास-साठच्या दशकांतली मराठी पोस्टरं पाहायची होती, हाच सिनेमा असा हट्ट नव्हता. संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये, त्यामुळे त्याआधीचा कागद तिथे आला तो कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावरूनच. आपल्याकडे फार जुनं उरलंच कमी. बाबूराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर हे आज शिल्लक असलेल्या भारतीय सचित्र पोस्टरांत सर्वांत जुनं मानलं जातं. त्याआधीची दहा-अकरा वर्षं कुठे विरली?

उपयोगाचं एवढंच पाहिलं की सिनेमा एकदा चालला, की नंतरच्या पोस्टरवर तो किती चालला हे ओरडून सांगितलेलं असतं, आणि ती ओरड बहुतेकदा अगदी खाली, पायाशी असते. अमेरिकन पोस्टरांवर वितरण संस्थेचा क्रमांक असे आणि पुनःप्रदर्शनाच्या क्रमांकाआधी ‘आर’ छापत. आपल्याकडे तशी सोय कुणी केली नाही. आपल्याकडे आठवड्यांची फुशारकी हाच पुनःप्रदर्शनाचा शिक्का.

आणि माझं पोस्टर पायाशीच कापलेलं आहे. घरी येताना रिक्षात हेच डोक्यात.

२५ फेब्रुवारी

आज दोन गोष्टी सापडल्या. क्रमाने लिहितो, नाहीतर गडबड होईल.

पहिली. चारही कडा भिंगाखाली शेजारी शेजारी पाहिल्या. वरची आणि दोन बाजूंच्या कडा तपकिरी, ठिसूळ, नुसत्या बोटाने चुरा होतो. खालची, कापलेली कड फिकी आणि कणखर. घडी जिथे खालच्या कडेला येते तिथे कागदाच्या जाडीत आतला रंग अजून गव्हाळ आहे. साठ वर्षं हवा लागलेली ही कड नव्हे. कात्री, खरं तर ब्लेड, कारण काप एकदम सरळ आहे, गेल्या काही वर्षांत चाललेलं आहे. म्हणजे जुन्या थेटरवाल्यावर घेतलेला संशय मागे. कुणीतरी विकण्यासाठी कापलं.

दुसरी. कापलेल्या कडेला अधूनमधून लाल ठिपके होते. रंग सरकल्याचे असतील म्हणून मी १६ तारखेला सोडून दिले होते. आज तिथला फोटो काढून संगणकावर त्याचे तिन्ही रंग वेगळे केले. पिवळी शाई पिवळ्या पडलेल्या कागदावर डोळ्यांना दिसत नाही, पण नुसत्या निळ्या भागात पाहिली तर काळी उमटते. निळ्या भागात कडेला लागून एक जाड आडवी पट्टी आली. तिच्या वर एक टिंब. पट्टी पुढे तुटली, मध्ये तीन कमानी, पुन्हा पट्टी, आणि तिच्या टोकाला वर एक तिरका फटका.

दहा मिनिटं ती नक्षी वाटली. मग कळलं की ही शिरोरेघ आहे.

पिवळ्या अक्षरांची एक ओळ होती, लाल सावलीची. ब्लेड शिरोरेघेखाली जेमतेम दोन मिलिमीटरवर चाललंय. ज्याने कापलं त्याला खालची लाल सावली दिसली, वरचं पिवळं दिसलंच नाही. मलाही दीड महिना दिसलं नव्हतं.

आता वाचायचं कसं? रोमन अक्षरं असती तर माथ्यावरून अंदाज तरी बांधता आला असता. आपली अक्षरं रेघेला लटकलेली, धडं सगळी खाली, आणि ती कुणाच्या कचऱ्यात गेली. उरलंय ते असं: एक शब्द, त्यावर उजवीकडे टिंब. मग आकडे, कारण आकड्यांना शिरोरेघ नसते. तीन आकडे, पहिल्याची आणि तिसऱ्याची कमान अरुंद आणि सारखी, मधली रुंद. मग शब्द, शेवटच्या अक्षरावर मात्रा.

‘पुण्यांत १३१ आठवडे’?

टिंब बसतो, जुन्या लेखनात ‘पुण्यांत’वर तो असतोच. नवं ‘पुण्यात’ असतं तर रेघेच्या वर काहीच नसतं आणि मी आणखी चक्रावलो असतो. ‘आठवडे’ची मात्रा बसते. पण मला हवं ते मी वाचतोय का, ही शंका आहे. आपल्याला जे ठाऊक असतं तेच अर्ध्या अक्षरांत दिसतं, पत्रिका पाहणाऱ्यांचं असंच होतं.

३ मार्च

पेंटरकाकांकडे गेलो. बोर्ड रंगवण्यात पन्नास वर्षं गेली, फ्लेक्स आला तेव्हा ब्रश ठेवले, आता नातवाच्या दप्तरावर नाव घालण्यापुरते काढतात. फोटो मोठा छापून नेला होता. काय वाटतं ते मुद्दाम सांगितलं नाही.

त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, चष्मा कपाळावर चढवला. “शेवटचा शब्द चार अक्षरी. पहिलं अक्षर आ किंवा अ, रेघ तिथे जरा फटकून आहे. शेवटचं एकमात्री.” मग आकड्यांवर बोट ठेवून थांबले. “पहिला नि तिसरा एक. एकाचं डोकं लहान असतं, गाठ मारल्यासारखं. मधला दोन किंवा तीन. डोक्यावरून दोन-तीन ओळखू येत नाहीत साहेब, दोघं भाऊच. फरक कमरेखाली.”

“शून्य असेल?”

“शून्याची कमान दोन्हीकडून सारखी उतरते. ही डावीकडे जरा वर उचललीय, ब्रश टेकवल्याची जागा आहे ती.” त्यांनी दोरीला खडू लावून फळीवर सटकन लाईन मारली, तिला अक्षरं लटकवली, आणि चपट्या ब्रशने तीन वेळा आकडे काढले: १०१, १२१, १३१. पट्टीने खालचा भाग झाकला. पहिला लगेच वेगळा पडला. उरलेले दोन, मला तरी, सारखेच.

मग चहा पिताना म्हणाले, “पिवळ्यावर लाल सावली म्हणजे लांबून वाचायची ओळ. बारक्या श्रेयाला कुणी सावली देत नाही. ही बढाईचीच ओळ आहे.” संग्रहालयात मी जे तीन तास पाहून शिकलो ते.

फळी मागितली. दिली नाही. “पुसून पुन्हा कामाला येते.”

४ मार्च

हिशोब. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

सिनेमा १९५९ चा. वर्षातली तारीख काहीही धरली तरी सीमा काढता येतात. १३१ आठवडे म्हणजे ९१७ दिवस. १ जानेवारी १९५९ ला लागला असं धरलं तर ९१७ दिवस जुलै १९६१ मध्ये पुरे होतात. ३१ डिसेंबरला लागला धरलं तर जुलै १९६२ मध्ये. तेव्हा ‘१३१’ ही ओळ १९६१ च्या उत्तरार्धाआधी कुणाला लिहिता आली नसती.

मधला आकडा दोन असेल तर? १२१ आठवडे म्हणजे ८४७ दिवस. लवकरात लवकर एप्रिल १९६१ चा शेवट. काकांनी बाद केलेलं १०१ सुद्धा वादासाठी धरू, तरी ७०७ दिवस, म्हणजे डिसेंबर १९६०. कुठल्याही बाजूने गेलं तरी १९५९ हातात येत नाही. ओळ वाचण्यात माझी चूक एवढीच होऊ शकते की ती ‘आठवडे’ नाहीच, आणि त्यासाठी पायाशी तीन आकडी संख्या असलेली, मात्रेवर संपणारी, लाल सावलीची दुसरी एखादी ओळ सुचायला हवी. दोन संध्याकाळी डोकं खाजवलं. सुचली नाही.

वरची बाजू कुठवर? हाताने विभागलेले लिथोचे रंग, ‘गीतें’, ‘पुण्यांत’, आणि पुण्याबाहेरच्यांना सांगायची असावी अशी ताजी बढाई. माझा कौल साठच्या दशकाच्या पूर्वार्धाला. पण हा कौल आहे, पुरावा नाही, आणि लेबलवर दोन्ही एका ओळीत लिहायचे नाहीत.

ब्लेडवाल्याचं गणित आता उलगडतं. ‘पुण्यांत १३१ आठवडे’ ही ओळ असली की पोस्टर नंतरचं हे शेंबड्या पोरालाही कळतं. ओळ गेली की ते ‘पहिल्या रिलीजचं’ होतं. खाली प्रेसचं नाव होतं ते बिचारं उगाच भरडलं गेलं. माझ्या विक्रेत्याने कापलं असं म्हणवत नाही, त्याला बहुधा कापलेलंच मिळालं आणि गोष्ट सोबत मिळाली.

गंमत म्हणजे ती ओळ असती तर मला हे पोस्टर जास्त आवडलं असतं. पहिल्या आठवड्याचं पोस्टर सिनेमा चालेल की पडेल हे न कळताच लावलेलं असतं. हे लावणाऱ्याला ठाऊक होतं.

१० मार्च

दुरुस्तीसाठी एकाला दाखवलं. काम चांगलं करतो, जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतो, उद्या काढायचं म्हटलं तर पाण्याने सुटतं. फाट जोडायला आणि कसरीची जाळी भरायला हो म्हटलं. ठिगळं काढू नका म्हटलं, पिनकोडचं तर नाहीच.

मग तो सहज म्हणाला, “खालची पट्टी पण करून देऊ का? जुना कागद आहे माझ्याकडे, त्याच रंगाचा. तीस बाय चाळीस पुरं होईल, फ्रेममध्ये छान दिसेल.” आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं, “खाली काय लिहू?”

नको म्हटलं. हा माणूस खोटेपणा करत नव्हता, त्याला अर्धवट गोष्ट बघवत नाही एवढंच. पण नेमकी अशीच पोस्टरं वीस वर्षांनी दुसऱ्याच्या पथारीवर येतात, गोष्टीसकट. कापडावर चिकटवायलाही नको म्हटलं, मग पाठ झाकली जाते आणि ठिगळं कुणालाच दिसणार नाहीत. पॉलिएस्टरच्या पाकिटात आडवं ठेवणार, घड्या न घालता. पलंगाखाली जागा आहे. ही विचारणार आहेच की पलंगाखाली आता काय.

१७ मार्च, रविवार

लेबल लिहिलं: ‘सांगत्ये ऐका. लिथो, पाच रंग, हस्तविभाजन. चित्रकार व मुद्रक अज्ञात. खालची पट्टी अलीकडे कापलेली. डिसेंबर १९६० नंतरचे. पाठीवर १९७२ नंतरची ठिगळे.’ साठच्या दशकाच्या पूर्वार्धाचा माझा कौल वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलीने.

एका ओळखीच्या संग्राहकाला फोटो पाठवला होता. त्याचा निरोप: पंधरा हजार देतो, पण लेबलवर १९५९ लिही, नाहीतर आठ. दोन्ही नको म्हणून कळवलं.

सकाळी जुन्या बाजारात जाऊन आलो. तीच पथारी, तीच कॅलेंडरं. दोन इंचांची कात्रण कुणी जपून ठेवत नाही हे माहीत असूनही गठ्ठा तळापर्यंत उपसला. विक्रेत्याने विचारलं, काय हरवलंय साहेब. खालचा तुकडा, म्हटलं. तो हसला, मग पथारीच्या कोपऱ्यातून लाकडावर ठोकलेला जस्ताचा एक ब्लॉक काढून पुढे केला. वर्तमानपत्रातल्या सिनेमाच्या जाहिरातीचा, तळहाताएवढा, शाई वाळून खडखडीत. दोनशे रुपये. कुठला सिनेमा म्हणून विचारलं तर म्हणाला, उलटं आहे, वाचता येत नाही, तुम्हीच घरी जाऊन आरशात बघा.